सूत तुटले तर सांधावे



या महिन्याच्या निरूपणास आम्ही एक लहानसे साधन घेतले आहे. त्याचे नाव टकळी. वीतभर लांबीची एक काडी, खाली चकती, वर सूत अडकविण्यास बारीकसा आकडा. एवढाच तिचा संसार. डाव्या हाती कापसाचा पेळू धरावा, उजव्या हाताच्या चिमटीने टकळीला फिरकी द्यावी, तिचे टोक वाटीत टेकवावे, आणि डावा हात हळूहळू वर न्यावा. सूत निघू लागते.

कोणी म्हणेल, बुवा, आपला गोंदिया जिल्हा धानाचा. बांध्या, तलाव आणि धानाच्या गिरण्या हे आपले वैभव. कापूस पिकतो तो तिकडे वर्धा-यवतमाळकडे. मग टकळीची कथा येथे कशाला? शंका रास्त आहे. तिचे समाधान असे की, आपल्या झाडीपट्टीत कापूस नसला तरी सूत होते आणि आहे. ऐनाच्या व अर्जुनाच्या झाडांवर कोसा वाढविणारे ढिवर बांधव आपल्याच रानांत आहेत. भंडारा, मोहाडी, आंधळगाव, पवनी येथे कोष्टी मंडळींचे माग पिढ्यान् पिढ्या चालत आले. सन १८७७ साली नागपुरास एम्प्रेस गिरणी सुरू झाली, गिरणीचे सूत बाजारात आले, आणि घरोघरचे हातसूत मागे पडत गेले. त्यापूर्वी विणकराला लागणारे सूत बहुतेक बायाबापड्यांच्या हातून उतरत असे.

दुसरे असे की, आपल्या संप्रदायात कोणत्याही धंद्याला हलके मानलेले नाही. सावतोबांचा मळा, गोरोबांचे चाक, नरहरी सोनारांची भट्टी, सेना महाराजांची धोपटी, जनाईचे जाते, ही सर्व आपली देवघरेच. नामदेवराय शिंप्याच्या कुळात आले; कबीरजी मागावर बसले. पण शिंप्याची सुई चालावी तर दोरा हवा, आणि माग चालावा तर सूत हवे. ते सूत कातणाऱ्या मायमाउल्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. त्यांच्या हातातली एकच कला आज आपण पाहू. सूत तुटले म्हणजे त्या काय करीत?

प्रथम सूत म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. कापसाचा तंतू इंच-सव्वा इंच लांबीचा. काही देशी जातींचा तर त्याहूनही आखूड. वर्ध्याकडे सूतकताईचे जे माप ठरले त्यात चार फुटांची एक तार, १६० तारांची एक लटी, आणि चार लट्यांची, म्हणजे ६४० तारांची एक गुंडी. एका गुंडीत अडीच हजार फुटांहून अधिक सूत झाले. नुसते टोकाला टोक लावीत गेले तरी इंचभराचे ३०,००० तंतू लागतील, आणि सुताच्या जाडीत तर असे कितीतरी तंतू शेजारी शेजारी असतात. त्यांतला एकही तंतू या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेला नसतो! मग सूत अखंड कसे? एक तंतू संपण्यापूर्वीच दुसरा त्याच्या अंगाला लागलेला असतो, तिसरा दुसऱ्याच्या अंगाला, आणि वरून सर्वांना पीळ बसलेला असतो. पिळाने तंतू एकमेकांस आवळून धरतात, म्हणून ओढले तरी निसटत नाहीत. सुताची अखंडता ती हीच.

आता आपल्या साधनाकडे पाहा. कित्येक भाविक आम्हांस म्हणतात, "महाराज, आमचे अखंड स्मरण काही होत नाही. संसारी माणसे आम्ही. दोन घटका नाम घेतो, मग रोवण्याची आठवण येते, पोराच्या फीची आठवण येते." बाबांनो, तुमचे एकेक नाम इंचभराच्या तंतूसारखे आहे. पहाटेचे चार नामोच्चार, बांधीकडे जाताना चार, निजताना चार. एकाची ऊब निवण्यापूर्वी दुसरे लागू द्या. साधुसंतांचे स्मरणही तंतूतंतूनेच वाढले असेल; त्यांचा पीळ मात्र पक्का होता.

असो. आता तुटण्याकडे येऊ. सूत का तुटते? पीळ बसण्यापूर्वीच घाईने ओढले तर तुटते. पेळू नीट पिंजलेला नसेल, आत कचरा राहिला असेल तर तुटते. तळहाताच्या घामाने पेळू दबून चिकट झाला तर तंतू सुटत नाहीत, आणि तुटते. पीळ फाजील झाला तर सुताला अढ्या पडतात आणि अढीपाशी तुटते. आणि सगळे बरोबर असूनही कधी कधी तुटते. हातातली टकळी कितीही जुनी असो, जिचे सूत कधी तुटलेच नाही अशी कातणारी आम्ही पाहिली नाही.

तुटले की जाणती बाई त्रागा करीत नाही. टकळी थांबविते. टकळीवरचे सूत थोडे उलगडून घेते. तुटलेल्या टोकाचा पीळ बोटांनी उकलते, म्हणजे ते टोक पुन्हा पिंजलेल्या कापसासारखे मऊ होते. पेळूचे तोंड दबले असेल तर तेवढा भाग चिमटीने काढून टाकते आणि आतले मोकळे तंतू बाहेर घेते. मग सुताचे उकललेले टोक त्या तंतूंवर दोन बोटे आत ठेविते, अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये सांधा हलकेच धरते, आणि पूर्वीच्याच दिशेने टकळीला मंद फिरकी देते. उलटी फिरकी दिली तर असलेलाही पीळ जाईल! पीळ वर चढत सांध्यापर्यंत आला, सांध्यात शिरला, मगच ती हात वर नेते. चांगला सांधा दुसऱ्या दिवशी तिचा तिलाही शोधून सापडत नाही.

यात तीन गोष्टी आल्या. टोक उकलणे, अंगाला अंग लागेल इतके आत ठेवणे, आणि पीळ चढेपर्यंत ओढ न लावणे. आजचे सगळे निरूपण या तीन गोष्टींत आहे.

कोणी विचारील, इतका खटाटोप कशाला? गाठ मारली की झाले. आमचे संस्कृताचे अध्ययन पाठशाळेत झाले. तेथे जानव्याचे सूत विद्यार्थ्यांनी स्वतः टकळीवर कातावे असा दंडक होता. चार बोटांभोवती ९६ वेढे घ्यावयाचे, ते तिहेरी करून वळावयाचे, पुन्हा तिहेरी करावयाचे, असे नऊ तंतू झाले की शेवटी ब्रह्मगाठ. आमच्या एका सहाध्यायाचे सूत वरचेवर तुटे आणि तो भराभर गाठी मारून मोकळा होई. गुरुजींनी त्याचे सूत दोन बोटांमधून ओढून पाहिले. बोट जागोजागी अडकले. ते म्हणाले, "अरे, तू दोन मेलेली टोके एकमेकांच्या गळ्यात बांधलीस. टोके आधी जिवंत कर, मग जोड. गाठीची जागा शेवटी आहे, मध्ये नाही." मागावर असे सूत चढले तर गाठ फणीत अडते आणि शेजारचे धागेही तोडते, हे कोष्टी मंडळी चांगले जाणतात.

आता सिद्धान्ताकडे वळू. श्रीगीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनाने आपल्या सर्वांच्या वतीने गाऱ्हाणे मांडले आहे. मन वाऱ्यासारखे आहे, ते आवरत नाही. भगवंत ते नाकारीत नाहीत. मन चंचल आहे हे मान्य करूनच ते अभ्यास आणि वैराग्य सांगतात. त्याच अध्यायात त्यापूर्वी त्यांनी युक्तीही सांगितली आहे: मन जेथून जेथून बाहेर निसटेल तेथून तेथून त्याला परत आणून आत्म्याच्या ठायी लावावे. "निसटूच देऊ नये" असे म्हणून ते थांबले नाहीत. निसटल्यावर काय करावे ते सांगितले. हा टकळीचाच धडा आहे.

पण अर्जुनाचे समाधान होत नाही. तो पुढे विचारतो, श्रद्धा आहे पण यत्न अपुरा पडला, वाटेतच आयुष्य संपले, तर त्या साधकाचे काय? फाटलेल्या ढगासारखा तो इकडचाही नाही आणि तिकडचाही नाही, असा विरून जातो काय? सज्जनहो, हा प्रश्न ऐकला की आमच्या अंगावर काटा येतो, कारण साठी उलटलेल्या प्रत्येक वारकऱ्याच्या मनात तो असतो. भगवंतांनी तेथे अर्जुनाला 'बाबा रे' अशा मायेने जवळ घेतले आहे आणि अभय दिले आहे, की कल्याणाची वाट चालणाऱ्याची दुर्गती होत नाही. तो पवित्र घरी जन्म घेतो, आणि मागल्या देहातील बुद्धीशी त्याचा संयोग होतो. संयोग म्हणजे जोड, सांधा! मागले सूत टकळीवर गुंडाळलेले असतेच. नवा जन्म हा नवा पेळू. ज्ञानोबारायांनी या प्रसंगी अशा पुण्यवंताच्या बालपणीच फुललेल्या बुद्धीचे जे कोडकौतुक केले आहे, ते प्रत्येकाने मुळातून वाचावे.

या गीतेला विनोबाजींनी मराठी रूप दिले, १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यावर प्रवचने केली, आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. त्याच विनोबांनी पुढे नालवाडीस सूतकताईच्या मजुरीवर पोट भरते काय, याचा प्रयोग स्वतःच्या देहावर केला. गीता सांगणारा हात आणि सूत कातणारा हात एकच होता. पवनारला धाम नदीकाठी १२ फेब्रुवारीच्या मेळ्यात लोक आपल्या हातची गुंडी अर्पण करीत आले, त्यामागे हीच दृष्टी आहे.

येथे दुसरी शंका येते. सांधता येते तर मग तुटण्याची भीती कशाला? खुशाल तुटू द्यावे! नाही बाबा. सांधा हातात टकळी असताना घातला जातो. सूत तुटले आणि टकळी तशीच सोडून आपण उठून गेलो, तर सैल राहिलेल्या सुतातला पीळ निघून जातो, टोक विसकटते, धूळ बसते. मग जोडावयाचे म्हटले तर हातभर सूत टाकून द्यावे लागते. एक एकादशी चुकली तर द्वादशीला उठून हरिपाठ करावा. "आता मोडलेच आहे, पुढल्या आषाढीपासून बघू" असे म्हणणाराचे चार महिने वाया जातात.

आता घराकडे या. 'सूत जुळणे' हा शब्द मराठी माणसाने उगाच केलेला नाही. गोंदियाजवळच्या एका गावी कीर्तन आटोपल्यावर एक गृहस्थ पाया पडून बसून राहिले. आम्ही विचारले, "काय बापू?"

"महाराज, मोठ्या भावासंगं सात वर्सं झाली, बोलणं नाही."

"कशावरून?"

"धुऱ्यावरून जी. दीड हात जागा असंल नसंल."

"कोणी मध्यस्थी केली नाही?"

"केली ना. पाच लोक बसले, कागद झाला, दोघांच्याही सह्या झाल्या. पर सूत काही जुळलं नाही."

आम्ही म्हटले, "कागद ही गाठ झाली. त्याने भांडण थांबले, हेही थोडे नाही. मागावर तुटलेला धागा विणकरही बारीक गाठ मारूनच चालता करतो. पण माया पाहिजे असेल तर सांधा घालावा लागेल. टोक उकला."

"मी लहान, अन् मीच कायले आधी वाकू?"

"बापू, टकळीवर कोणते टोक आधी उकलतात? जे आपल्या हाती असते ते."

तो काही बोलला नाही. आम्ही एवढेच सांगितले की, धुऱ्याचा विषय काढू नका. यंदा दादाच्या बांधीत रोवणा लागेल त्या दिवशी सकाळी जाऊन चिखलात उभे राहा. बोलले नाहीत तरी दिवसभर राहा. अंगाला अंग लागू द्या. आणि लगेच ओढून पाहू नका. पुढल्या वर्षी त्याच गावी आमची सेवा होती. दोघे एका सतरंजीवर बसले होते. फार बोलत होते असे नाही. पण धाकट्याने मोठ्याच्या कपाळी बुक्का लावला आणि मोठ्याने मान पुढे केली. पीळ चढू लागला होता.

घराचे तेच समाजाचे. चोखोबारायांना महाद्वाराच्या आत जाऊ दिले गेले नाही. त्यांची समाधी पायरीपाशी झाली. शतकानुशतके हे सूत तुटलेले राहिले. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरीत प्राणांतिक उपोषण मांडले आणि विठुरायाचे दार सर्वांस उघडले. तेव्हा अनेकांना आपला पीळ सैल करणे जड गेले. पण टोक उकलल्यावाचून सांधा बसत नाही; कडक टोक दुसऱ्याला आपल्यात घेतच नाही. दार उघडले तरी सांध्यात पीळ भरण्याचे काम पंगतीपंगतीतून, दिंडीदिंडीतून आपल्याला चालू ठेवावयाचे आहे.

वारीचेही सूत आपण डोळ्यांदेखत ताणलेले पाहिले. २०२० आणि २०२१ या दोन वर्षी महामारीमुळे पायी वारी झाली नाही. पण २०२० साली आळंदीस ठरल्या तिथीला मोजक्या मंडळींत प्रस्थान झाले, पादुका तेथेच मुक्कामी राहिल्या, आणि दशमीला एस. टी. बसने पंढरीस गेल्या. लाखोंची वारी मूठभर माणसांवर आली, तरी तंतू राहिला. म्हणूनच २०२२ साली पालख्या पुन्हा पायी निघाल्या तेव्हा सांधा बसला. मात्र आपल्या भागातील कित्येक वृद्ध मंडळी त्या दोन वर्षांत घरी बसली ती बसलीच. कोणाचे गुडघे गेले, कोणाचा जोडीदार गेला. "आता आमची वारी तुटली" असे म्हणून ते डोळे पुसतात. त्यांस आमची विनंती अशी की, पंढरी दूर झाली असेल तर आपल्या विदर्भाची पंढरी धापेवाडा जवळ आहे. तेही होत नसेल तर गावच्या देवळापर्यंत चाला. तेही होत नसेल तर अंगणातल्या तुळशीला प्रदक्षिणा घाला. सांध्याला दोन बोटेच लागतात.

शेवटची गोष्ट आमच्या मनाला फार लागलेली आहे. पेळू संपत आला की जाणती बाई तो पुरता संपू देत नाही. बोटभर मोकळे तंतू शिल्लक असतानाच त्यांवर नवा पेळू ठेविते. कोसा काढणाऱ्या बायाही असेच करतात. चार-सहा कोशांचे तंतू एकत्र घेऊन वळताना एकाचा तंतू संपला की दुसऱ्या कोशाचे टोक चालत्या सुतात सोडतात. मांडीवर सूत वळता वळता त्या माउल्यांच्या मांडीची कातडी सोलवटे; आता यंत्रे आली आहेत, ते चांगलेच झाले. पण यंत्रावरही नवे टोक चालत्या सुतातच द्यावे लागते.

आणि आपल्या भजनी मंडळांत काय चालले आहे? विणा धरणारे बाबा ऐंशीचे, पखवाज वाजविणारे सत्तरीचे, आणि पोरे नागपूर-पुण्यास. बाबांच्या गळ्यात चाळीस चाली आहेत. त्या कोठेही लिहिलेल्या नाहीत. बाबा गेल्यावर आपण पोराला म्हणणार, "आता तू विणा धर." कशाच्या आधारावर धरणार? पेळू तर संपला! एक पिढी आणि दुसरी पिढी यांनी काही काळ शेजारी शेजारी उभे राहिले पाहिजे. बाबांची चाल आणि पोराचा अडखळता सूर काही वर्षे एकत्र वाजला पाहिजे. त्याचा टाळ चुकेल, आवाज फुटेल. तो सांध्याचा भाग आहे, तेथे ओढ लावू नका. "आमच्या वेळी असे नव्हते" हे कडक टोक आधी उकला. आणि तरुणांनो, तुम्हांसही सांगणे आहे. सुटीत गावी याल तेव्हा एक संध्याकाळ बाबांच्या शेजारी बसा. मोबाईलमध्ये त्यांचा आवाज भरून घ्याल तर उत्तम. पण तेवढ्यावर थांबू नका, स्वतः म्हणा. भरून ठेवलेला आवाज हा टोपलीतला पेळू आहे. त्याचे सूत तुमच्याच हातून व्हावयाचे आहे.

म्हणून आमचे मागणे एवढेच. या चातुर्मासात प्रत्येक मंडळाने एका मुलाला वा मुलीला एक चाल पक्की शिकवावी. प्रत्येक घराने एक अबोला सोडावा. आणि प्रत्येकाने आपल्या नेमातील एक तुटलेला धागा, मग तो हरिपाठ असो, एकादशी असो की ज्ञानेश्वरीची रोजची ओवी असो, पुन्हा हाती घ्यावा.

सातव्या अध्यायात भगवंतांनी म्हटले आहे की, दोऱ्यात मणी ओवावे तसे हे सारे विश्व माझ्यात ओवलेले आहे. माउलींनी त्यावर दृष्टान्त दिला तो सोन्याच्या मण्यांचा आणि सोन्याच्याच सुताचा. ते सूत कधी तुटत नाही. तुटते ते आपल्या हातचे. तेव्हा टकळी खाली ठेवू नका. टोक उकला, शेजारी ठेवा, फिरकी द्या. पीळ भरणारा विटेवर उभा आहे.

रामकृष्णहरि!